एका बाजूला भोंडला, दुसऱ्या बाजूला दिवे

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर कोण कोण बसतं ते एकदा बघायला यावं. विळी असते, कोयता असतो, नारळ सोलायची पहार असते, ह्यांचा स्क्रूड्रायव्हर असतो. माझा चष्माही असतो, कारण आता माझं हत्यार म्हणून तेवढंच उरलंय. आणि गेली काही वर्षं नातीचा लॅपटॉप. ईरा मुंबईत नोकरी करते, दसऱ्याला घरी येते. यंदा मी हळदीची चिमूट उचलली तशी तिने लॅपटॉप चटकन मागे ओढला.

"आजी, हळद नको गं. कीबोर्डमध्ये गेली तर संपलंच."

"मग फूल?"

"फूल चालेल. पण बंद करून, वरती ठेव."

मी मुकाट्याने झाकणावर झेंडू ठेवला. मागून नलू हसली. नलू म्हणजे माझी नणंद, ईराची आत्येआजी. तिला ऐकू येत नाही, त्यामुळे हसण्याचा आवाज लहान ठेवायचा असतो हे तिला कधी कळलं नाही, आणि आम्हीही कधी शिकवलं नाही. ती हसते तेव्हा माडावरचे कावळे उडतात. ती का हसली ते मला ठाऊक होतं. आमच्या घरात एका कॉम्प्युटरला हळद, कुंकू, अक्षता, सगळं सगळं वाहून झालंय. ईराची आई तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती.

आश्विन हा तसा न धड पावसाचा, न धड थंडीचा महिना. पहाटे गवतावर दव, दुपारी जांभ्यावर अनवाणी पाय ठेववत नाही, आणि चहाच्या वेळेला डोंगराकडून ढग गुरगुरत येतात. कापून पसरलेलं भात आवरायला मग सगळी आळी धावते. भात भिजो न भिजो, त्याचा वास मात्र सगळीकडे भरून राहतो, ओलसर आणि गोडूस, गरम पेजेच्या आधीचा. हा वास आला की मला एक आवाज ऐकू येतो. किर्र, मग खर्रर्र, मग कानात सुई घालावी तशी एक लांब शीळ. लोकांना वाटतं रातकिडे. रातकिडे नव्हेत. तो नलूच्या चित्राचा आवाज आहे.

त्या वर्षी, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी, विनायकभावजी मुंबईहून गणपतीला आले ते काखेत एक खोका घेऊन. विनायक माझा धाकटा दीर, नलूच्या लगेच वरचा भाऊ; इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कारखान्यात कामाला. खोक्यातून निघाला शाळेच्या पाटीएवढा काळा डबा, रबराच्या कळांचा. तो टीव्हीला जोडायचा, शिवाय टेपरेकॉर्डरलाही जोडायचा. सासूबाईंनी त्याला खालून-वरून पाहिलं.

"हा काय रे?"

"कॉम्प्युटर, आई."

"असेल. पण ह्याला टीव्ही आपला, टेप आपला, वीज आपली. मग ह्याचं स्वतःचं काय?"

कॉम्प्युटरविषयी इतका मुळाशी जाणारा प्रश्न मी त्यानंतर आजतागायत ऐकलेला नाही. खरोखरच त्याचं स्वतःचं फारसं काही नव्हतं. आठवणसुद्धा नव्हती. वीज गेली की शिकवलेलं सगळं विसरायचा. म्हणून जे शिकवलं ते कॅसेटवर साठवून ठेवायचं. कॅसेटवर ते आवाज होऊन राहायचं, तीच ती किरकिर. पुन्हा ती किरकिर ऐकवली की डब्याला सगळं आठवायचं.

भावजींच्या मुंबईच्या खोलीत माणसं दाटीवाटीने राहत. म्हणून दसऱ्यापर्यंत डबा आमच्याकडे ठेवायचा आणि दसऱ्याला इथल्या, रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडजवळच्या एका क्लासला द्यायचा, असा त्यांनी तिथल्या सरांना शब्द दिला होता. विज्ञान शाखेची हुशार मुलं तिथे शिकणार होती. हुशार मुलं म्हणजे मुलगेच, हे वेगळं सांगायची तेव्हा पद्धत नव्हती.

"वहिनी, तुम्ही बी.ए. आहात. तुम्ही सांभाळा. आणि कुणाला हात लावू देऊ नका."

हे शेवटचं वाक्य मला फारच आवडलं.

आता तेव्हाची मी म्हणजे काय सांगू! माहेर गुहागरचं, वाढले पोफळीच्या बागेत, पण कॉलेजात बी.ए. झाले आणि जीभ जी उठली ती थेट पुण्याला जाऊन बसली. मांडवीची बायजामावशी आमच्या दारावर मासे घेऊन यायची. तिला मी विचारायचे, "मासे ताजे आहेत का हो?" ती पाटी उतरवत म्हणायची, "मासे ताजे हायत गो. तू कधीची हायस?" सासूबाई आत तोंडाला पदर लावून हसायच्या. मला वाटायचं, अडाणी आहेत बिचाऱ्या.

तर अशा ह्या विदुषीने माजघराशेजारची खोली रिकामी केली, टेबलावर डबा मांडला, आणि महिला मंडळात जाहीर केलं की बायकांसाठी कॉम्प्युटरची ओळख करून देण्यात येईल. हात लावायचा नाही, पण ओळख करून घ्यायला हरकत नाही. खोलीच्या दारावर मी सुवाच्य अक्षरांत कागद लावला. चपला बाहेर काढाव्यात. हातपाय धुऊन यावे. केसांना तेल नसावे. लहान मुले आणू नयेत. मध्ये बोलू नये. आणि त्याखाली, चांगलं मोठ्या अक्षरांत आणि दोन्ही बाजूंना फुलं काढून: सर्वांचे स्वागत आहे.

पहिल्या दिवशी खोली भरली. मी खडू घेतला आणि शून्य व एक ह्या दोन अंकांपासून सुरुवात केली. कॉम्प्युटर म्हणजे काय, त्याची पिढी कुठली, त्याचे भाग किती. डबा बंदच होता. पंखा मात्र चालू होता. थोड्या वेळाने खोलीत पंख्याचा आणि कुणाच्या तरी मंद घोरण्याचा आवाज तेवढा उरला. शेवटी बायजामावशी उठली.

"गो बाय, मगासधरनं तू ह्याची कुंडली सांगतेस. ह्याला येतंय काय, त्ये दाखव की."

"मावशी, ते पुढच्या आठवड्यात."

"मंग मी पुढच्या आठवड्यातच येतंय."

दुसऱ्या दिवशी मी साडीच्या निऱ्या नीट करून दारात उभी राहिले. स्वागत करायला कुणीच आलं नाही.

आमच्या कोकणात उन्हातून माणूस आला की आधी त्याच्यापुढे गूळ-पाणी येतं. नाव, गाव, काम, सगळं नंतर. शत्रू आला तरी आधी गुळाचा खडा, मग भांडण. ह्या रीतीत वाढलेली मी, माहेरी कितीदा तांब्या घेऊन ओटीवर पळत गेलेली, पण नवं यंत्र हाती आलं आणि मी नेमकं उलटं केलं: आधी परीक्षा, आणि पाणी नाहीच. मला वाटायचं दार उघडं आहे ना, मग झालं. दार उघडं असूनही माणूस उंबऱ्याशी का थबकतो, हे उंबऱ्याच्या आत उभं राहणाऱ्याला फार उशिरा कळतं.

नलू त्या वर्षी एकोणीस-वीसची असेल. लहानपणी तापात तिचे कान गेले. शाळेत शेवटच्या बाकावर बसून चार इयत्ता झाल्या, अक्षरं ओळखू लागली, आणि घरी आली ती आलीच. आलेगेले तिच्या तोंडावर सासूबाईंना विचारायचे, "हिचं पुढे काय हो?" ती ओठ वाचायची हे त्यांना माहीत नसे. आम्हीही सांगत नसू. त्यांना परत जाताना चपलेचा एक जोड कधी सापडत नसे, तो का, हेही आम्ही सांगत नसू.

तिने सगळ्यांना खुणांची नावं ठेवली होती. सासूबाई म्हणजे मानेवर अंबाड्याची गाठ. विनायक म्हणजे मिशी. बायजामावशी म्हणजे डोक्यावर पाटी. आणि मी? तर्जनीने स्वतःच्या नाकाचं टोक वर उचलायचं. झाली वहिनी.

एकदा दुपारी मी एकटीच डब्यासोबत आलेली पुस्तिका उघडून डब्याशी झुंजत होते. टीव्हीवर एक सरळ चौकट काढायची होती. काही तरी आकडा चुकला आणि पडद्याच्या ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात एक तिरपी रेघ सपकन गेली. मी कपाळावर हात मारला. मागे टाळी वाजली. नलू केर काढता काढता दारात थांबली होती, केरसुणी हातात तशीच. तिने खुणेने सांगितलं: पुन्हा. मी म्हटलं, चुकलंय ते. तिने मान हलवली. पुन्हा! मी पुन्हा चूक केली. रेघ पुन्हा सपकन गेली. नलू केरसुणी टाकून आत आली, आणि माझ्या नियमांपैकी बहुतेक नियम एका पावलात मोडले.

तिला त्या रेघेत काय दिसलं ते मला नंतर कळलं. मला दिसली चूक. तिला दिसलं की हात न हलवता रेघ ओढता येते.

मी अर्थातच तिला आधी इंग्रजी मुळाक्षरं शिकवायला बसले. कळांवर इंग्रजी शब्द होते, एकेका कळेवर चार-चार कामं लिहिलेली. नलूने थोडा वेळ सहन केलं. मग हात पुढे करून माझ्या कपाळावरची टिकली काढली आणि ठिपका काढायच्या कळेवर चिकटवली. माझ्याकडे बघितलं, भुवई उडवली. तास-दोन तासांत माझं टिकल्यांचं पाकीट रिकामं झालं. लाल टिकली ठिपक्याची, हिरवी रेघेची, आणि मोठी मरून म्हणजे झालं, पुढे चल. त्या दिवसांत मी बाजारात बोटाला टिकली चिकटवून फिरत असे आणि लोक सांगत नसत. सासूबाईंनी टिकल्या लावलेला डबा पाहिला आणि म्हणाल्या, "हां, आता घरातला दिसायला लागला."

डबा टेबलावरून उतरून पडवीत चटईवर आला. तिथे वारा होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाकून बघता यायचं. दारावरचा कागद कुणी काढला माहीत नाही. पुढे कधीतरी पोह्याचे पापड त्यात गुंडाळलेले सापडले.

आमच्या मागीलदारी माडांमधून समुद्र दिसतो. तिन्हीसांजेला नलू तिथल्या दगडावर बसायची. समुद्र काळा होत जातो आणि दूरवर होड्यांचे दिवे एकेक करून लागतात. आम्हाला समुद्राची गाज ऐकू येते, म्हणून आम्ही बघत नाही. ती बघायची. तिने डब्याला तेच शिकवायला घेतलं. काळा पडदा, आणि त्यावर एकामागून एक लागणारे दिवे. कुठला आधी, कुठला नंतर, मध्ये किती थांबायचं, हे सगळं तिच्या मनात पक्कं होतं. ती बोटांनी सांगायची, मी पुस्तिकेत शोधायचे, ती टिकल्या दाबायची. साठवायच्या वेळी ती किरकिर सुरू झाली की घरातली माणसं कानांवर हात घेऊन परसात पळायची. नलू टेपरेकॉर्डरवर तळवा ठेवून शांत बसायची. हाताला मुंग्या आल्यासारखं लागतं, अशी तिची खूण होती. तिचं चित्र आमच्या कानांना सोसवत नव्हतं, आणि तिला ते तळव्यात धरता येत होतं.

नवरात्रात आमच्याकडे मासे चालत नसत, तरी बायजामावशी चहाला यायची. तिने एकदा ते दिवे पाहिले. चहा बशीत थांबला.

"ह्यो पहिला पागाची जाळी टाकनाऱ्यांचा... मागनं त्यो थोरला मचवा..." ती पडद्यापाशी सरकली. कडेला, सगळ्यांत शेवटी, एक दिवा लागला. "आणि ह्यो आमचा! आमचा धनी सगळ्यांच्या मागनं दिवा लावतो. रॉकेल वाचवतोय मेला!"

तिने नलूच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. नलूने मला नंतर खुणेने सांगितलं: मिशी येईल. मिशीला दाखवायचं. मग तिने दोन्ही हातांनी डबा उराशी धरल्यासारखं केलं आणि माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. दसऱ्याला डबा जाणार हे तिला ठाऊक होतं. दादाने दिवे पाहिले तर कदाचित नेणार नाही, एवढाच तिचा हिशेब. मी पुस्तिकेची पानं उलटत बसले. पुण्याची जीभ अशा वेळी कामाला येत नाही.

अष्टमीची दुपार. मी आणि सासूबाई स्वयंपाकघरात करंज्या करत होतो. संध्याकाळी आमच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, भोंडला होता, पाटावर हत्ती काढून त्याभोवती आळीतल्या बायका फेर धरणार होत्या. त्याच्या खिरापतीची तयारी. पडवीतून भोंडल्याची गाणी ऐकू येत होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सासूबाई तर त्या तालावर करंजीला मुरड घालत होत्या. आम्हा ऐकणाऱ्या दोघी खुशीत होतो. जिला ऐकू येत नाही तिला एकटीलाच तिकडे कळून चुकलं होतं.

नलू दारात येऊन उभी राहिली. हातात कॅसेट. चेहरा पांढराफटक. तिने दुसरा तळवा चौकटीवर ठेवला आणि थापा मारून दाखवल्या, ठेक्यात, भोंडल्याच्या टाळ्यांसारख्या. मुंग्या नाहीत, थापा आहेत.

सासूबाईंची थोरली बहीण खेडला असायची. गुडघे धरल्यामुळे तिला आता फेर धरता येत नव्हता. तिला ऐकवायला म्हणून सासूबाईंनी सप्तमीचा भोंडला टेपवर भरून घेतला होता. भरायच्या आधी त्यांनी घरातली कॅसेट लावून पाहिली होती. ती नुसती किरकिरत होती.

"मला वाटलं आतलं जुनं बिघडलंय, म्हणून वर भरलं," सासूबाई म्हणाल्या. "मग ते जे किरकिरत होतं ते..."

"ते नलूचं चित्र होतं, आई."

सासूबाईंच्या हातातली करंजी तशीच राहिली. त्या कढईकडे बघत म्हणाल्या, "ह्या पोरीचं सगळंच बिनआवाजाचं. जन्मात आवाज करणारं एवढं एक केलंन, ते मीच पुसलं."

नलू मागीलदारी जाऊन दगडावर बसली. उद्या सकाळच्या एस.टी.ने भावजी येणार होते.

संध्याकाळी बायका जमल्या. खळं सारवलेलं, मध्ये हत्तीचा पाट, सगळ्यांच्या डोक्यात अबोलीचे वळेसर. सासूबाई आल्या, वाकल्या, आणि हत्तीचा पाट उचलून भिंतीला टेकवून ठेवला.

"आज हत्तीला सुट्टी."

मग त्या मागीलदारी गेल्या, नलूला हाताला धरून खळ्यात आणली, तिच्यासमोर तोंड करून उभ्या राहिल्या, म्हणजे तिला ओठ दिसावेत. "सांग. कुठे उभी राहू?"

नलू बघतच राहिली. आणि मग तिला समजलं. तसं समजताना मी नंतर फार थोड्या माणसांना पाहिलंय. तिने रांगोळीचा डबा घेतला आणि सगळ्या खळ्यावर उभ्या-आडव्या रेघा मारून घरं पाडली. मग एकेकीला खांद्याला धरून घरात नेऊन उभी करायला लागली. ही इथे, ती तिथे. एका काकूंना मोरीजवळचं घर आलं, त्या कुरकुरल्या, पण दिवा तिथलाच होता, त्याला कोण काय करणार? बायजामावशीला तिने थेट कुंपणाच्या कडेला नेलं.

"म्हायती हाय," मावशी म्हणाली. "आमचा सगळ्यांच्या मागनं."

मी पडवीत डब्याशी बसले. नलू एकेकीपाशी जायची, तिच्या डोक्यावर हात ठेवायची, आणि मला बोटांनी दाखवायची: आडवं घर कितवं, उभं कितवं, थांबायचं किती. मी टिकल्या दाबत होते. सूर्य माडांच्या खाली उतरला होता. अर्ध्याहून जास्त झालं असेल, आणि वीज गेली.

पडदा विझला. डबा सगळं विसरला. मी दोन्ही हात मांडीवर टाकले. कुणीतरी "अगंबाई" म्हणत पाय उचलला, तेवढ्यात कुंपणाकडून बायजामावशी ओरडली, "हलायचा नाय कोनी! आपापल्या घरात ऱ्हावा!"

आणि कुणी हललं नाही. यंत्राची आठवण गेली होती, पण ती सगळी आठवण खळ्यात जागच्या जागी उभी होती, पदर खोचून, डास मारत. वीज येईतो त्यांनी उभ्या उभ्याच भोंडल्याची गाणी म्हटली. फेर नाही, टाळ्या फक्त. मोरीजवळच्या काकूंचा सूर सगळ्यांत वर. मला तो भोंडला आयुष्यभर पुरलाय.

वीज आली. मी पुन्हा पहिल्यापासून दाबत गेले. साठवायची वेळ आली तेव्हा घरात कॅसेट तीच एक. सासूबाईंनी ती माझ्या हातातून घेतली, उलटी केली आणि टेपमध्ये बसवली. "त्या बाजूला ताईची गाणी राहू देत. ह्या बाजूला पोरीचं." किरकिर सुरू झाली. कानांवर हात कुणीच नेला नाही. नलूचा तळवा टेपवर होता, आणि तिच्या तळव्यावर सासूबाईंचा.

मग मी टीव्ही खळ्याकडे वळवला. पडदा काळा झाला. पहिला दिवा लागला.

"अगो, ती मी!"

"मग ही मी! ही बघ!"

"अजून माझा नाही लागला... लागला, लागला!"

शेवटी कडेचा, बायजामावशीचा लागला. ती नुसती नाक पुसत होती.

नवमीच्या सकाळी भावजी आले. डब्याकडे पाहून त्यांनी बॅगच खाली ठेवली. "वहिनी! ह्या टिकल्या कुणी लावल्या?" नलूने त्यांना बसवलं आणि दिवे दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं. माणूस वाईट नव्हता.

"छान आहे," ते म्हणाले. "ठिपके छान लागतात. पण आई, सरांना शब्द दिलाय. उद्या डबा पोचवतो."

नलूने ते ओठांवरून वाचलं आणि टीव्ही बंद केला.

पूजेचा पाट मांडला होता. आमच्याकडे खंडेनवमीची रीत अशी की हत्यार ज्याचं, पूजा त्याने करायची. ह्यांनी स्क्रूड्रायव्हर पुजला, मी कात्री पुजली. डबाही पाटावर आला होता, सासूबाईंनीच आणून ठेवलेला. भावजी पुढे सरले आणि कुंकवासाठी हात केला. सासूबाईंनी तबक मागे घेतलं.

"तू ह्यावर काय काम केलंस?"

"आई, आणलाय मी तो!"

"कोयता तुझ्या बापाने आणला होता. पण झावळ्या मी तोडते, म्हणून कोयता मी पुजते. आणणारा आणतो रे." आणि त्यांनी नलूकडे वळून तबक पुढे केलं.

नलूने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग हळद लावली, कुंकू लावलं, ते नेमकं मरून टिकलीच्या कळेवर. फूल ठेवलं, अक्षता टाकल्या. रबराच्या कळा असल्यामुळे अक्षता आत गेल्या नाहीत. आताच्या यंत्रांना तेवढं काळीज नाही.

"आणि," सासूबाई तबक खाली ठेवत म्हणाल्या, "पुजलेलं हत्यार वर्षभर घराबाहेर जात नाही."

असा काही नियम नाही. तेव्हाही नव्हता. मी सासूबाईंकडे बघितलं, त्या आढ्याकडे बघत होत्या. भावजी नलूच्या कुंकवाच्या बोटाकडे बघत होते.

"वर्षभर?" त्यांनी विचारलं.

"वर्षभर."

ते दशमीला आपट्याची पानं वाटून रिकाम्या हाताने परत गेले. क्लासच्या सरांना काय सांगितलं ते त्यांचं त्यांना माहीत. पुढच्या खंडेनवमीला नलूने पुन्हा पूजा केली. म्हणजे पुन्हा एक वर्ष. नव्या पुस्तिका मात्र भावजी मुंबईहून स्वतःहून पाठवत राहिले.

पुढे मराठी अक्षरं कॉम्प्युटरवर आली तेव्हा नलू गावातल्या छापखान्यात कामाला लागली. तिथल्या यंत्राजवळ बसायला माणूस हवा होता, आणि भल्या भल्यांना त्याची भीती वाटत होती. तिने निवृत्त होईपर्यंत लग्नपत्रिकांच्या किनारी काढल्या. रत्नागिरीत निम्म्या घरांतल्या जुन्या पत्रिकांवर तिची नक्षी आहे. प्रत्येक किनारीत कडेला एक ठिपका जरा सुटा असतो. लोकांना तो शाईचा डाग वाटतो. बायजामावशीला वाटत नसे.

परवा ईरा विचारत होती. तिच्या कंपनीत आता नवंच काही तरी करतात, सांगाल ते चित्र काढून देणारं यंत्र. पण चित्रं काढणारी माणसंच त्याच्याजवळ फिरकत नाहीत, बायका तर नाहीतच. "आजी, त्यांना यावंसं वाटावं म्हणून काय करायचं? आम्ही सगळ्यांना बोलावतो तरी."

"आधी दारावरचा कागद काढा," मी म्हटलं.

"कुठला कागद?"

"तेच तर! लावणाऱ्याला तो दिसत नाही. बायजामावशीसारखी कुणीतरी आणा, ती वाचून दाखवेल."

यंदा पूजा झाल्यावर ईराने कुठून तरी एक जुना टेप पैदा केला. मी कपाटातून कॅसेट काढली. पहिल्या बाजूला सासूबाई. त्यांना जाऊन किती वर्षं झाली, पण आवाज अजून खणखणीत. मग बाजू उलटली. किर्र, खर्रर्र, ती शीळ. ईराने दचकून बटणाकडे हात नेला, "आजी, ही बाजू गेलीय गं..." आणि नलूने तिचा हात धरून टेपवर ठेवला. आपला त्यावर. दोघी बसून राहिल्या. आता ते ओळखणारा डबा कुठे नाही. चित्र आहे, बघता मात्र येत नाही. नलूची त्याला काही हरकत दिसली नाही.

"ह्यात तुझा दिवा कुठला, आजी?" ईराने विचारलं.

मी सांगितलं, माझा नाही. मी टिकल्या दाबत होते. तेव्हा मला त्याचा केवढा अभिमान होता! अख्खी आळी खळ्यात, आणि मी एकटी यंत्रापाशी. नंतर एकदा लक्षात आलं की त्या पडद्यावर सगळ्या आहेत, मोरीजवळच्या काकूसुद्धा आहेत, फक्त मी नाही.

नलू माझे ओठ वाचत होती. तिने मान हलवली. मग तर्जनीने स्वतःच्या नाकाचं टोक वर उचललं, म्हणजे मी. आणि मग हवेत, खालच्या डाव्या कोपऱ्यात, बोटांची चिमूट उघडली, मिटली. उघडली, मिटली.

सगळे दिवे लागून झाले की पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन एकटाच लुकलुकत राहायचा. पुढे काय, पुढे काय, असं विचारत. इतकी वर्षं मला वाटत होतं तो यंत्राचा आहे.